‘संमती’ या शब्दाचा कायदेशीर इतिहास

१

कायद्याच्या पुस्तकात जे कृत्य गुन्हा म्हणून नोंदलेले असते तो गुन्हा, आणि ते कृत्य करणारा तो गुन्हेगार, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. एकोणिसाव्या शतकात गुन्हेशास्त्राचा जो उदय झाला तोही याच समजुतीच्या पायावर. इटलीतील लोंब्रोसो याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात गुन्हेगाराची कवटी, जबडा आणि कान यांची मापे घेऊन ‘जन्मजात गुन्हेगारा’ची कल्पना मांडली. पुढे कवट्यांची जागा मनोविकारांनी घेतली, मनोविकारांची जागा वस्तीने आणि दारिद्र्याने घेतली; परंतु मूळ प्रश्न तोच राहिला : हा मनुष्य इतरांहून वेगळा का निपजला?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाची दिशाच पालटली. हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये असे प्रतिपादन केले की, ‘विपरीतपणा’ हा कृत्याचा अंगभूत गुण नसून समाजाने त्या कृत्यावर मारलेला शिक्का असतो. १९७३ मध्ये टेलर, वॉल्टन आणि यंग या तिघा इंग्रज अभ्यासकांनी ‘द न्यू क्रिमिनॉलॉजी’ हा ग्रंथ लिहून हाच विचार सत्ता आणि वर्ग यांच्या संदर्भात पुढे नेला. अमुक कृत्य गुन्हा आणि तमुक कृत्य गुन्हा नव्हे, हे ठरविले कोणी? त्या ठरविण्यात कोणाचे हित सांभाळले गेले? पोलीस, वैद्य, वकील आणि न्यायाधीश यांच्या हातांतून जाताना एखाद्या घटनेचा ‘गुन्हा’ बनतो कसा, किंवा बनत नाही कसा? या प्रश्नांचा पाठपुरावा करणाऱ्या विचारपद्धतीस ‘चिकित्सक गुन्हेशास्त्र’ असे म्हणतात.

लैंगिक अपराधांच्या बाबतीत ही पद्धत प्रथमदर्शनी अडचणीची वाटते. भिकारी, भटके, छोटे चोर यांच्याविषयी असे म्हणता येते की, बलवंतांच्या कायद्याने दुर्बळांना गुन्हेगार ठरविले. परंतु बलात्काराच्या प्रसंगी जिच्यावर आघात होतो तीच बहुधा दुर्बळ असते. आरंभीच्या चिकित्सक अभ्यासकांनी या विषयावर जवळजवळ मौनच पाळले, आणि त्या मौनावर कॅरल स्मार्ट या विदुषीने १९७६ मध्ये नेमके बोट ठेवले. तेव्हापासून या पद्धतीला दुसरी बाजू प्राप्त झाली. कायदा कोणाला गुन्हेगार म्हणतो, हे जसे पाहावयाचे, तसेच कोणाला गुन्हेगार म्हणण्याचे तो नाकारतो, हेही पाहावयाचे. ही दुहेरी दृष्टी घेऊन भारतीय दंडविधानातील ‘संमती’ या एका शब्दाचा इतिहास तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

इंग्रजी कायदा येण्यापूर्वी आपल्याकडे या बाबतीत कोणती दृष्टी होती, हे प्रथम थोडक्यात पाहू. उत्तर पेशवाईच्या कागदपत्रांत ‘बदअंमल’ आणि ‘शिंदळकी’ हे शब्द वारंवार आढळतात. या शब्दांचा रोख स्त्रीच्या आचरणावर आहे, तिच्यावर कोणी जबरदस्ती केली काय, या प्रश्नावर तो क्वचितच असतो. दोषी ठरलेल्या स्त्रीस दंड होई, कैद होई. कित्येकींना सरकारच्या कुणबिणी करून राबविले जाई. शिक्षेचे स्वरूप जातीनुसार बदले. कुळाची शुद्धता आणि जातीची मर्यादा हे रक्षणाचे विषय होते. स्त्रीची इच्छा हा प्रशासनाच्या नोंदीचा विषयच नव्हता.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने ‘संमती’ हा शब्द कायद्यात आणला आणि बलात्काराची व्याख्या त्याच्याभोवती रचली. परंतु त्याच कलमात एक अपवादही जोडला. पतीने पत्नीशी केलेला संभोग हा बलात्कार नव्हे, मात्र पत्नीचे वय दहा वर्षांहून कमी नसावे. मेकॉले याच्या १८३७ च्या मसुद्यात तर वयाची ही अटही नव्हती. हा अपवाद हिंदुस्थानच्या रूढींतून आला असे कोणी मानील तर ते खरे नव्हे. सतराव्या शतकातील इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल याने असे लिहून ठेवले होते की, विवाहाच्या वेळी स्त्रीने दिलेली संमती कायमची असते, ती तिला परत घेता येत नाही. इंग्रजी विधिशास्त्राचा हा वारसा आणि येथील बालविवाहाची रूढी या दोहोंची त्या अपवादात सोयरीक झाली. राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यात अन्य बाबतींत कितीही अंतर असले तरी घराच्या उंबऱ्याआड कायद्याने जाऊ नये, याविषयी त्यांचे एकमत होते.

या एकमताला पहिला मोठा तडा मुंबईत गेला. रखमाबाई या सुशिक्षित तरुणीने, अजाण वयात झालेल्या आपल्या विवाहातील पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. पतीने १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. परंतु अपिलात प्रकरण परत पाठविले गेले आणि १८८७ मध्ये, नांदावयास जा अन्यथा तुरुंगात जा, असा निर्णय झाला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्या वैद्यकाच्या शिक्षणासाठी विलायतेस गेल्या. हा खटला दंडविधानाखालचा नव्हता, हे खरे. तथापि ज्या विवाहास मी संमतीच दिली नाही तो मला बांधू कसा शकतो, हा त्यांचा प्रश्न दंडविधानातील अपवादाच्या मुळाशीच जाऊन भिडणारा होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, कलकत्त्यास फुलमणी दासी ही मुलगी पतीच्या संभोगामुळे रक्तस्राव होऊन मरण पावली. तिने दहा वर्षे ओलांडली होती. म्हणून कायद्याच्या दृष्टीने तो बलात्कार नव्हता. तिच्याहून कितीतरी मोठ्या वयाच्या त्या पतीला अविचाराने दुखापत केल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी झाली. या घटनेने मलबारींच्या १८८४ पासूनच्या चळवळीस धार आली, आणि १८९१ च्या जानेवारीत सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवयाचे विधेयक मांडले. महाराष्ट्रातील त्या वेळचा वाद सर्वश्रुत आहे. परकीय सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, ही लोकमान्य टिळकांची भूमिका. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी संस्कृत वचनांच्या आधारे विधेयकाचे समर्थन केले, तर आगरकरांच्या ‘सुधारका’ने शास्त्राधाराची फिकीर न करता बुद्धी आणि माणुसकी यांच्या बळावर ते केले. १९ मार्च १८९१ रोजी विधेयक संमत होऊन दहाची मर्यादा बारावर गेली.

चिकित्सक दृष्टीने या वादाकडे पाहिले म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, ज्याला आपण ‘संमतिवय’ म्हणतो त्यात संमतीचा संबंध फारच थोडा होता. बारा वर्षांच्या विवाहितेला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार या कायद्याने दिला नाही. तिचे शरीर कोणत्या वयापासून पतीच्या स्वाधीन समजावे, एवढेच त्याने ठरविले. वादातील दोन्ही पक्षांचे लक्ष ऋतुप्राप्ती, गर्भाधान आणि शरीराची परिपक्वता यांवर खिळले होते. दुसरी गोष्ट अशी की, कायदा करून सरकारने स्वतःच त्याची अंमलबजावणी बोथट केली. पतीविरुद्धच्या फिर्यादींच्या पोलीस चौकशीवर मुद्दाम बंधने घातली. परिणामी कायदा पुस्तकात राहिला आणि रूढी घरात राहिली. पुढे १९२५ मध्ये ही मर्यादा विवाहाबाहेर चौदा व विवाहात तेरा अशी झाली, आणि १९४९ मध्ये अनुक्रमे सोळा व पंधरा. मर्यादेचा आकडा वाढत गेला, पण अपवाद कायम राहिला.

बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना येथे आपापल्या भागांची आठवण होणे स्वाभाविक आहे. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १९०४ मध्ये बालविवाहप्रतिबंधक कायदा करून ब्रिटिश मुलुखाच्या पुढे पाऊल टाकले. गोव्यात १८८६ ची पोर्तुगीज दंडसंहिता चालत असे. तीत कुमारिकेच्या शीलहरणाचा स्वतंत्र गुन्हा होता, म्हणजे अपराधाची मोजणी स्त्रीच्या कौमार्यावर होई. राज्य कोणतेही असो, रक्षण व्यक्तीचे होत नसून कुळाच्या ठेवीचे होत होते.

३

गुन्ह्याच्या व्याख्येपेक्षाही पुराव्याचा कायदा अधिक बलवत्तर असतो. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात अशी तरतूद होती की, बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीचे चारित्र्य सामान्यतः वाईट असल्याचे दाखवून तिच्या साक्षीची विश्वसनीयता खंडित करता येईल. चोरीच्या खटल्यात फिर्यादी उधळ्या होता काय, असे कोणी विचारीत नाही. येथे मात्र आरोपीऐवजी फिर्यादीच पिंजऱ्यात उभी राहिली. या तरतुदीला वैद्यकीय तपासणीची जोड मिळाली. ‘हिला संभोगाची सवय आहे’ असा शेरा वैद्याने लिहिला की त्याचा अर्थ ‘हिने संमती दिली असणार’ असा न्यायालयात लावला जाई. त्या शेऱ्याला विज्ञानाचा पोशाख होता, आत मात्र जुनी ‘शिंदळकी’च होती.

विद्वत्तेच्या क्षेत्रातही याचे प्रतिध्वनी उमटत होते. मेनाकेम अमिर याने फिलाडेल्फिया शहरातील १९५८ आणि १९६० या सालांच्या ६४६ प्रकरणांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. बलात्कार हे पिसाट अनोळखी माणसाचे अवचित कृत्य असते, या समजुतीला त्याने धक्का दिला. कित्येक प्रकरणांत ते पूर्वनियोजित असते आणि करणारा परिचित असतो, हे दाखविले. परंतु त्याच ग्रंथात ‘पीडितेने ओढवून घेतलेला बलात्कार’ असा एक वर्गही त्याने कल्पिला. त्याची आकडेवारी पोलिसांच्या नोंदींतून आली होती, आणि पोलिसांच्या नोंदींत पोलिसांचे पूर्वग्रह आधीच बसलेले होते. आकडे हे वस्तुस्थितीचे आरसे नसून नोंद करणाऱ्याचेही आरसे असतात, हा चिकित्सक गुन्हेशास्त्राचा महत्त्वाचा धडा येथे मिळतो.

आता देसाईगंजच्या खटल्याकडे वळू. १९८३ पासून कायद्याने अशा प्रकरणांतील स्त्रीचे नाव प्रकट करण्यास मनाई केली आहे. हा खटला तिच्याच नावाने ओळखला जात असला तरी येथे ते नाव घेण्याचे कारण नाही. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील ती एक पोरकी आदिवासी मुलगी. मोलमजुरी करून भावाजवळ राहणारी. एका तरुणाशी तिचे प्रेम जमले होते व त्याच्याशी लग्न करण्याचा तिचा विचार होता. तिला पळवून नेल्याची तक्रार भावाने केली, म्हणून २६ मार्च १९७२ च्या रात्री सर्वांना पोलीस ठाण्यावर आणले गेले. जबाब झाल्यावर इतरांना बाहेर जाण्यास सांगून दोघा शिपायांनी तिला आत ठेवून घेतले. एकाने बलात्कार केला आणि दुसऱ्याने तिच्याशी लगट केली, अशी तिची फिर्याद होती.

१९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने तिला पूर्वीचा अनुभव असल्याचे कारण देऊन घडले ते संमतीने घडले असे मानले आणि आरोपींना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरविला. पोलीस ठाण्यात, रात्रीच्या वेळी, अधिकाराच्या धाकापुढे मुकाट्याने शरीर स्वाधीन होणे म्हणजे संमती नव्हे, असे त्याने सांगितले आणि एकास पाच वर्षांची व दुसऱ्यास एक वर्षाची शिक्षा दिली. १९७८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात दोघांनाही निर्दोष ठरविले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरड केल्याचे दिसत नव्हते. म्हणून प्रतिकार नव्हता, आणि प्रतिकार नव्हता म्हणून संमती होती, अशी ही विचारसरणी होती.

या खटल्यातील एका विसंगतीकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ही मुलगी त्या रात्री ठाण्यावर आली कशी? पळवून नेण्याच्या गुन्ह्यात अल्पवयीन मुलीच्या इच्छेला कायदा किंमत देत नाही. तेथे पालकाची संमती काय ती मोजली जाते. वैद्यकीय अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा यांच्या दरम्यान होते. म्हणजे ज्या तरुणावर तिचे मन होते त्याच्याबरोबर जाण्याची तिची संमती कायद्याच्या लेखी शून्य होती. आणि ज्या शिपायाला तिने त्या रात्रीपूर्वी ओळखण्याचेही कारण नव्हते, त्याच्या बाबतीत मात्र कायद्याला तिच्या मौनात संमती सापडली. एकाच मुलीची इच्छा एकाच रात्रीत दोनदा बाजूला सारली गेली, एकदा तिला ‘अजाण’ ठरवून आणि एकदा तिला ‘जाणती’ ठरवून. संमती ही त्या मुलीच्या मनातील गोष्ट नव्हती. तिच्यावर ज्याची सत्ता होती त्याच्या सोयीने ती दिली किंवा नाकारली जात होती.

त्याच १९७८ साली, मार्चअखेरीस, हैदराबादच्या नल्लाकुंटा पोलीस ठाण्यात एका श्रमिकाच्या पत्नीवर पोलिसांनी अत्याचार केले, आणि तिचा पती मारहाणीनंतर मरण पावला. शहर पेटून उठले, गोळीबार झाला. न्यायमूर्ती मुक्तदर यांच्या चौकशी आयोगाने पोलिसांना दोषी धरले. आयोगापुढे पोलिसांच्या बाजूचा मुख्य प्रयत्न मात्र ती स्त्री वेश्या आहे आणि तिचा विवाहच खरा नाही, हे दाखविण्याचा होता. खटला पुढे कर्नाटकातील रायचुरास हलविण्यात आला आणि १९८१ मध्ये आरोपी सुटले.

४

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस एक अनावृत पत्र लिहिले. संमतीत शरणागतीचा अंश असतो, पण प्रत्येक शरणागती ही संमती नसते, हा त्यांचा मुद्दा होता. गरीब आदिवासी मुलगी आणि गणवेशातील शिपाई यांच्यातील अंतर न्यायालयाने जमेस धरले नाही, असे त्यांनी स्पष्टपणे म्हटले. हे पत्र म्हणजे आपल्याकडील चिकित्सक गुन्हेशास्त्राचा पहिला मोठा दस्तऐवज होय. देशभर स्त्रियांच्या सभा झाल्या, मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, गंभीर गुन्हा झाला. अशा प्रकरणी संभोग सिद्ध झाल्यावर स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे ठरले. कायद्याने सत्तेचे अस्तित्व मान्य केले, ते प्रथमच.

परंतु ही मान्यता ठाण्याच्या भिंतींपुरतीच होती. जातीची सत्ता, मालकाची सत्ता, पतीची सत्ता बाहेरच राहिल्या. १९९२ मध्ये राजस्थानातील भटेरी गावी बालविवाह रोखण्याचे सरकारी काम करणाऱ्या एका कुंभार जातीच्या कार्यकर्तीवर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केले. उच्च जातीची माणसे खालच्या जातीच्या स्त्रीला स्पर्श करणार नाहीत, अशा आशयाचे तर्क त्या निकालात होते. १८९१ चा प्रश्न आणि १९७२ चा प्रश्न येथे एकत्र आले. या प्रकरणातूनच पुढे १९९७ चा ‘विशाखा’ निकाल निघाला आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची व्याख्या झाली. चारित्र्याच्या पुराव्याची १८७२ ची तरतूद रद्द होण्यास २००२ ची दुरुस्ती यावी लागली. प्रतिकार न केल्याने संमती सिद्ध होत नाही, हे स्पष्टीकरण कायद्यात आले ते २०१३ मध्ये, देसाईगंजच्या निकालानंतर पस्तीस वर्षांनी.

विवाहाच्या अपवादाचे काय झाले? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या वयाची मर्यादा पंधरावरून अठरावर नेली. न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ च्या जानेवारीतच हा अपवाद सर्वस्वी काढून टाकण्याची शिफारस केली होती; ती स्वीकारली गेली नाही. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही तो अपवाद कायम आहे. कायद्याचे नाव बदलले, कलमाचा क्रमांक बदलला. मॅथ्यू हेलचे भूत मात्र घर सोडून गेले नाही.

५

शिक्षा वाढविली की प्रश्न सुटेल, अशी एक सार्वत्रिक भावना आहे. चिकित्सक गुन्हेशास्त्र येथे आपल्याला सावध करते. एडविन सदरलंड याने १९५० मध्येच दाखवून दिले होते की, अमेरिकेत ‘लैंगिक मनोविकृतां’विषयीचे कायदे दोनचार भीषण गुन्ह्यांनंतर उसळलेल्या भीतीतून निघाले; आणि त्या कायद्यांमागे गुन्हेगाराविषयीची जी गृहीते होती ती पुराव्यावर टिकणारी नव्हती. आपल्याकडेही वर्मा समितीने फाशीची शिफारस केली नव्हती. तरी २०१३ च्या कायद्यात काही प्रकारांना फाशी आली आणि २०१८ मध्ये तिची व्याप्ती वाढली. उलट राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार, नोंदलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या परिचयाचा असतो. आणि २०१९ साली निकाली निघालेल्या खटल्यांत दोषी ठरण्याचे प्रमाण २७.८ टक्के होते. पिसाटाची प्रतिमा समोर ठेवून केलेला कायदा शेजाऱ्यापर्यंत, नातलगापर्यंत, मालकापर्यंत पोहोचत नाही. आणि परिचितास फाशी होईल या धास्तीने घरचेच लोक फिर्याद दडपतात. कठोर शिक्षेने समाजाला आपण काही केले याचे समाधान मिळते, परंतु सत्तेची मांडणी जागच्या जागी राहते.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सत्ता, जात, वर्ग यांच्या विवेचनात घडलेला आघात विरून जाऊ देता कामा नये. ‘गुन्हा हा समाजाने मारलेला शिक्का आहे’ हे वाक्य भिक्षेकऱ्याच्या बाबतीत मुक्तिदायक असेल. बलात्कारिताच्या बाबतीत तेच वाक्य निष्ठुर ठरू शकते. जॉक यंग आणि त्याचे सहकारी यांनी १९८० नंतर स्वतःच ही दुरुस्ती केली आणि गुन्ह्याची झळ दुर्बळांनाच अधिक लागते, हे आग्रहाने मांडले. जिच्यावर अन्याय झाला तिच्या शब्दापासून आरंभ करणे आणि तो शब्द ऐकू न येण्याची कारणे शोधणे, असा या पद्धतीचा योग्य उपयोग आहे.

या शोधात भाषेच्या अभ्यासकांवर एक खास जबाबदारी येते. ‘बलात्कार’ या शब्दातच ‘बलात्’ आहे. धर्मशास्त्रात कर्जवसुलीच्या सक्तीच्या उपायालाही हाच शब्द लावलेला आढळतो. म्हणून बळाच्या खुणा दिसल्या नाहीत तर बलात्कार नाही, असे मराठी मनाला सहज वाटते. कायद्याच्या मराठीत ‘विनयभंग’ आला, त्यात भंग झाला तो स्त्रीच्या विनयाचा, तिच्या इच्छेचा नव्हे. वृत्तपत्रांनी ‘अतिप्रसंग’ रूढ केला, जणू कर्ता कोणी नाहीच, एक प्रसंग तेवढा मर्यादेबाहेर गेला. ‘अब्रू लुटली’ या प्रयोगात तर लुटणाऱ्याची अब्रू शाबूत राहते आणि जिला लुटले तिची जाते. पेशवाईच्या दप्तरातील ‘शिंदळकी’पासून आजच्या बातमीपर्यंत दोष स्त्रीच्या अंगाला चिकटविण्याचे काम शब्दांनी अखंड केले आहे.

कायदा बदलण्यास १८६० पासून दीडशे वर्षे लागली आणि तो अजूनही पुरता बदललेला नाही. वर्गात आणि लेखनात शब्द बदलण्यास मात्र कोणत्याही विधिमंडळाच्या संमतीची आवश्यकता नाही. घटनेचे वर्णन करताना वाक्याचा कर्ता कोण, एवढे जरी आपण विद्यार्थ्यांना विचारावयास शिकविले, तरी उद्याच्या न्यायाधीशाच्या, वैद्याच्या आणि ठाणेदाराच्या मनात योग्य प्रश्न आधी उभा राहील.